काय तपासायचं राहिलं?

माझी भाची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासते. तपासणी म्हटलं की माझ्यासारख्या निवृत्त मास्तराचे कान टवकारणारच! "अगं, मग तुझं नि माझं काम एकच की," मी म्हटलं. "नाही मामा, तुम्हाला नमुना उत्तरपत्रिका मिळायची. मला कधीकधी प्रश्नपत्रिकाही मिळत नाही."

खरंच आहे ते. प्रोग्रॅमने नेमकं काय करायचं हे पुष्कळदा कुठे लिहिलेलंच नसतं. असलं तर जुनं. तपासणीला ठेवलेल्या दहा दिवसांचे तीन उरतात, पण द्यायची तारीख काही हलत नाही. अशा वेळी ती चार जणांना विचारून स्वतःच एक पान लिहिते आणि त्यांनाच दाखवते, "असंच हवंय ना?" मग जिथे चूक झाली तर कुणाचे पैसे अडकतील, ते आधी तपासते. आणि काठावरचे आकडे घालून बघते. हे मला लगेच पटलं. ३५ ला पास असेल तर ९० गुण घालून काय कळणार? ३४ आणि ३५ घालूनच बघायला हवं. २९ फेब्रुवारीला जन्मलेला, आडनावच न लावणारा, हीसुद्धा तशीच काठावरची मंडळी.

बरं, हे मोठ्यांच्या घरीही सुटतं. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. एरियन ४ मध्ये नीट चाललेला प्रोग्रॅमचा एक भाग त्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. तो आकडा ठरवलेल्या जागेत मावला नाही. नव्या मार्गाचे आकडे घालून तो भाग आधी तपासलाच नव्हता.

मागच्या वर्षी भाचीला "सगळं तपासलं" असं लिहून द्यायला सांगितलं. तिने दिलं नाही. दोन याद्या दिल्या: काय तपासलं, आणि काय राहिलं. साहेब चिडले. त्या रात्री फोनवर तिचा आवाज रडवेला होता, नोकरीची धास्ती होतीच. शेवटी दुसरी यादी वाचून त्यांनी एक भाग मागे ठेवला, बाकीचं वेळेवर गेलं. मला तिचा अभिमान वाटला. न वाचलेल्या उत्तराला गुण देता येत नाहीत, एवढी साधी गोष्ट. पण वरचा माणूस घाई करत असताना ती पाळणं सोपं नाही.

असो. तुमच्या घरी कुणी टेस्टर असेल तर त्याला सहज विचारून बघा, "आज काय तपासायचं राहिलं?" उत्तर ऐकून रागावू मात्र नका!