हिवाळ्याचा खर्च न्हाणीत

पेडणे-डिचोलीकडे घर तापवण्याचा प्रश्न सहसा येत नाही, पाणी तापवण्याचा येतो. पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा विशीच्या आसपास असतो. इब्रामपूर-हसापूरकडे किंवा साखळीच्या आजूबाजूच्या खोलगट वाड्यांत तो आणखी काही अंश उतरतो, आणि दुपारी पुन्हा तिशी ओलांडतो. आपले हींव मध्यरात्रीनंतर सुरू होते आणि उन्हे अंगणात आली की संपते. त्या काही तासांत पैसे जातात ते न्हाणीत. म्हणून थंडीतली काटकसर तिथूनच सुरू करावी. खोली तापवायची यंत्रे दिल्ली-चंदीगडच्या थंडीसाठी आहेत, त्यांच्या जाहिराती आपल्याला लागू नाहीत.

*

हिशेब सोपा आहे आणि प्रत्येक घरात कुणाला तरी तो तोंडपाठ हवा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. आंघोळीला चाळीस अंशांचे पाणी पुरते. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीसवर न्यायची तर ४०० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटाला थोडी कमी वीज. पाच माणसांच्या घरात रोज सव्वादोन-अडीच युनिटे नुसत्या आंघोळीची. आपल्याकडे बिलाचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे ही युनिटे नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यात पडतात. बचतही त्याच टप्प्यातून होते.

*

विहिरीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण हा आपल्या भागाचा खरा ठेवा आहे.

जमिनीच्या पोटात काही मीटर खाली तापमान वर्षभर फारसे हलत नाही. तिथे वर्षाची सरासरी टिकून राहते, आणि गोव्याची सरासरी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या घरातली. म्हणून थंडीत पहाटे विहिरीवर वाफ दिसते आणि कळशीतले पाणी हाताला कोमट लागते. शेजारची काकी पंप असूनही पहाटे दोर-कळशी घेऊन विहिरीवर जाते. "बांयचें उदक फांतोडेर ऊनच आसता," एवढेच तिचे कारण. गच्चीवरच्या काळ्या टाकीचे उलट आहे. दिवसभर उन्हात ती छान तापते आणि रात्रभर उघड्या आकाशाखाली सगळी ऊब गमावून बसते. पहाटे तिच्यातले पाणी विहिरीपेक्षा पाच-सहा अंशांनी गार असते.

विशीऐवजी सव्विशीचे पाणी घेतले तर चाळीसपर्यंत चढायचे अंश विसाचे चौदा होतात. जवळजवळ तिसरा हिस्सा वाचला, तोही काही विकत न घेता. पाच माणसांच्या घरात डिसेंबर ते फेब्रुवारी साठेक युनिटे. करायचे इतकेच की पहाटेच्या आंघोळीला विहिरीचे ताजे पाणी घ्यायचे आणि संध्याकाळच्या आंघोळीला टाकीतले. शेतातून दिवेलागणीला परतणारी माणसे घरी येऊन अंग धुतात, त्यांना टाकीचे पाणी तापवावेच लागत नाही. पंप चालवायची वेळ संध्याकाळवरून पहाटेवर आणली तरी अर्धे काम झाले.

ज्यांच्या विहिरी गेल्या त्यांचे काय, हा विचार डिचोलीत टाळता येत नाही. शिरगावात खाणी भूजलाच्या पातळीखाली उतरल्या, विहिरी आटल्या, आणि गावकऱ्यांचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. लिलावानंतर डिचोलीच्या खाणपट्ट्यात आता परत काम चालू आहे. नुकसानभरपाईची चर्चा होते तेव्हा पिण्याचे पाणी आणि भातशेती मोजली जाते, आणि ते योग्यच आहे. पण विहीर आटलेल्या घराला नळाचे पाणी टाकीत साठवून, रात्रभर गार करून, पहाटे विजेवर तापवावे लागते. हा खर्च दर थंडीत घरागणिक वाढतो आणि कुठल्याच तक्त्यात येत नाही. तो यायला हवा.

*

साठवणीच्या गिझरवर तारांकनाचे लेबल असते. तारे सगळे पाहतात, त्याखालचा आकडा वाचत नाहीत. कुणी पाणी न वापरता चोवीस तास गिझर चालू ठेवला तर नुसती ऊब टिकवायला किती वीज जाते, ते तिथे छापलेले असते. बटण बंद ठेवायची सवय असेल तर हा आकडा निम्मा बिनकामाचा होतो. दोन किलोवॅटचा पंधरा लिटरचा गिझर चोवीसवरून साठ अंशांवर यायला वीसेक मिनिटे घेतो, आणि त्या पाण्यात गार पाणी मिसळले की चाळीस अंशांचे चौतीस लिटर तयार होते. दोघांची आंघोळ. रात्री लावून ठेवण्यासारखे त्यात काही नाही. सगळ्यांनी लागोपाठ आंघोळ उरकावी, तासातासाच्या अंतराने नको.

*

गॅस स्वस्त की वीज? बाजारात याची उत्तरे ऐकीव असतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये ढोबळमानाने १८० युनिटांइतकी उष्णता असते. गॅस गिझरमधून त्यातली १५० युनिटांच्या आसपास पाण्यात उतरते, शेगडीवरच्या टोपातून १२० च्या आसपास. सिलिंडरची किंमत १५० ने भागा. आलेला आकडा आपल्या वीजबिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराशी ताडून पाहा. विजेची एकूण युनिटे कमी असलेल्या घरात बहुतेकदा वीजच परवडते, एसी-फ्रिजने वरच्या टप्प्यात गेलेल्या घरात उत्तर बदलू शकते. शेजाऱ्याचे उत्तर आपले नसते.

*

भाण. तांब्याचे, काठाला पोचे आलेले, चुलीवर कायमचे बसवलेले. जुन्या घरांत न्हाणीच्या चुलीचे तोंड बाहेरच्या बाजूला असायचे. धूर परसात जायचा, ऊब आत राहायची. बांधणाऱ्याने फार विचार केला होता. नव्या घरात चूल ठेवायची असेल तर एवढे तरी उचलावे. धूर घरात कोंडला तर वाचलेले पैसे डॉक्टरकडे जातात, आणि तो धूर सर्वांत आधी बायकांच्या व लहान मुलांच्या छातीत बसतो.

जळण आपल्या परसातच पडलेले असते: सोडणे, चुडते, पोयी, करवंट्या, काजूच्या छाटलेल्या फांद्या. वाळलेल्या अर्धा किलो सोडणांत साध्या चुलीवर एक बादली पाणी तापते, म्हणजे दोनेक नारळांची सोडणे. ओली असतील तर दुप्पट लागतात, कारण बरीच आग त्यांच्यातलेच पाणी उडवण्यात जाते. म्हणून सोडणे उन्हाळ्यात वाळवून मृगाआधी पडवीत रचून ठेवायची, थंडी आल्यावर नव्हे. भाणावर झाकण हवे, तळाची काजळी खरवडलेली हवी. राख माडांच्या मुळाशी.

माडाखाली सोडणांचे ढीग पेटवून देणारी आणि गिझरवर आंघोळ करणारी घरे आता पेडण्यात पुष्कळ आहेत. ते पाहून मला वाईट वाटते.

*

चिऱ्याची दीड फूट जाड भिंत दिवसाचे ऊन दहा-बारा तासांनी आत पोचवते. मे महिन्यात रात्री नकोसे होते ते यामुळेच, आणि जानेवारीत हवेसे वाटते तेही यामुळेच. पश्चिमेची भिंत दुपारी उघडी राहू द्यावी, तिच्यापुढचा पडदा, ताडपत्री बाजूला करावी. पूर्वेच्या खिडक्या रात्री झोपण्याआधी लावाव्यात, कारण पहाटेचा मतलई वारा सह्याद्रीकडून, त्या बाजूने येतो.

*

दोन हजार वॅटचा हीटर रात्रभर, आठ तास, चालला तर १६ युनिटे. रबरी पिशवीत दोन लिटर गरम पाणी भरले तर युनिटाचा दहावा भाग. म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी ती पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवली की पहाटेपर्यंत पुरते. खोलीपेक्षा माणसाला ऊब द्यावी. जमिनीवर झोपणाऱ्याने वाकळ अंगावर एक घेतली तर अंगाखाली दोन घ्याव्यात. गुळगुळीत लाद्या अंगातली ऊब वरच्या हवेपेक्षा लवकर ओढून घेतात. जुन्या सुती साड्यांच्या वाकळीत थरांमध्ये हवा अडकून राहते, ऊब तीच धरते.

फेणीने थंडी जाते हा समज मात्र सोडावा. कातडीकडे रक्त धावते म्हणून गरम वाटते, आणि शरीर आतली उष्णता उलट बाहेर टाकते. कुळथाची पिठी, नाचण्याचे तिजाण, गरम पेज जास्त उपयोगी.

*

इंग्लंडात स्विंडनला गेलेल्या आपल्या लोकांचे फोन डिसेंबरात येतात तेव्हा बोलणे मीटरवरच येते. तिथे घर तापवणे हाच मोठा खर्च. २०२२ च्या थंडीत ब्रिटन सरकारला साधारण घराचे वर्षाचे वीज-गॅस बिल अडीच हजार पौंडांच्या आसपास धरून ठेवावे लागले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशांतल्या घरांसाठी निदान १८ अंश ही मर्यादा सुचवली. आपल्या चिऱ्याच्या घरात ती आपोआप पाळली जाते. पत्र्याच्या खोलीत पाळली जात नाही.

*

बंद खोलीत निखारे ठेवून झोपू नये. बंद न्हाणीत गॅस गिझर लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि गुंगी येते तेव्हा माणसाला उठण्याची ताकद उरलेली नसते. गिझर बाहेरच्या भिंतीवर बसवावा, न्हाणीला उघडा झरोका ठेवावा. या बाबतीत एक रुपयाही वाचवू नये.

*

पत्र्याच्या खोल्यांकडे परत यावे लागते. मोपाचा विमानतळ उभा राहिल्यापासून पेडण्यात बांधकामे वाढली, डिचोलीत औद्योगिक वसाहत आहेच. झारखंड, ओडिशा, उत्तर कर्नाटकातून आलेली कुटुंबे भाड्याच्या पत्र्याच्या ओळींत राहतात. पातळ पत्रा निरभ्र रात्री आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षाही गार होतो, पहाटे त्याच्या आतल्या बाजूने दव ठिबकते. तिथे तान्ही मुले झोपतात.

त्यावर उपाय महाग नाहीत. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून छत मारले की मधली हवा रात्री ऊब धरते आणि मे महिन्यात ऊन अडवते. आपल्याकडे पूर्वी चुडतांचे झाप हे काम करत. आज लावायचे तर चूल आणि विजेच्या तारांपासून दूर लावावेत. ओळीच्या एका टोकाला, दक्षिणेकडे तोंड करून, दोनशे लिटरचा सौरबंब बसवला तर दहा माणसांच्या आंघोळीचे पाणी निघते. अडचण एकच आहे: छत आणि बंब यांचा खर्च घरमालकाने करायचा आणि फायदा भाडेकरूच्या बिलात दिसायचा, म्हणून कुणीच करत नाही. भाड्याच्या खोल्यांना पंचायत घरक्रमांक आणि परवाना देते. त्याच वेळी पत्र्याखालच्या छताची अट घालावी, आणि पहिली अट तान्ही मुले असलेल्या ओळींना लावावी.