मास्तरांची मास्तरीण

"म्हणजे तू मास्तरांची मास्तरीण!" माझं काम समजावून सांगितल्यावर पुण्याच्या मामांनी निष्कर्ष काढला, आणि तेव्हापासून घरात तेच नाव रूढ झालं. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात, प्राध्यापकांना शिकवण्याच्या कामात मदत करणाऱ्या केंद्रात मी ११ वर्षं काम करते आहे. मास्तरीण मात्र मी नाही. कुणाला पास-नापास करायचा अधिकार मला नाही, आणि तो नाही म्हणूनच माझं काम चालतं.

इथल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आता असं केंद्र असतं. अमेरिकेतलं पहिलं १९६२ साली ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात सुरू झालं. गरज साधी आहे. पीएच.डी.च्या पाच-सहा वर्षांत माणूस संशोधन शिकतो, शिकवायचं कसं ते शिकतोच असं नाही. मग नोकरी लागते आणि पहिल्याच सोमवारी समोर सव्वाशे मुलं बसलेली असतात.

माझी आई महाराष्ट्रात कॉलेजमध्ये रसायनशास्त्र शिकवायची. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली, तेव्हा तिनेही सुट्टीत तीन आठवड्यांचा रिफ्रेशर कोर्स केला. बढतीसाठी तो लागायचा. व्याख्यानं चांगली होती, असं ती अजून सांगते. पण तिच्या सगळ्या नोकरीत वर्गात येऊन मुलांना कुणी विचारलं नाही, "बाईंचं कुठे कळत नाही?"

आम्ही नेमकं हेच विचारतो. सेमिस्टरच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात प्राध्यापक तास २५ मिनिटं आधी थांबवून बाहेर जातात आणि मी आत जाते. मुलं चार-पाच जणांचे गट करतात. प्रश्न दोनच: शिकायला कशाची मदत होते, आणि काय बदललं तर जास्त होईल? गटाचं जे एकमत होतं ते फळ्यावर लिहायचं, मग सगळ्या वर्गाला विचारायचं, "हे तुम्हालाही पटतं का?" सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ही पद्धत तयार झाली. एकट्याने रागात लिहिलेला शेरा या चाळणीतून सहसा खाली येत नाही.

तीन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगचे एक तरुण प्राध्यापक आले. देश सांगत नाही, आशियातले होते एवढं पुरे. सेमिस्टरअखेरचे विद्यार्थ्यांचे शेरे त्यांनी छापून आणले होते. पानोपानी एकच शब्द: ॲक्सेंट. त्या वर्षी त्यांचं करार-नूतनीकरण होतं. नोकरी गेली तर व्हिसा जाणार, आणि बायकोला सातवा महिना.

या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. जॉर्जिया विद्यापीठातल्या डॉन रुबिन यांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रण एकच, आवाज अमेरिकन बाईचा. काही विद्यार्थ्यांना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परका उच्चार ऐकू आला, आणि त्यांना मजकूरही कमी समजला. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हे बरं वाटायला ठीक आहे. पण सोमवारी मी करू काय?"

त्यांच्या वर्गातही पहिल्या दोन गटांनी ॲक्सेंटच लिहिलं. मी विचारलं, "नेमकं कुठल्या मिनिटाला कळेनासं होतं?" मग खरं बाहेर येऊ लागलं. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात. गणिताच्या मधल्या दोन पायऱ्या गाळतात. उदाहरण सुरू होतं, पण आपण काय शोधतोय ते कळत नाही. शेवटी फळ्यावर याच तीन गोष्टी उरल्या. ॲक्सेंटला निम्म्या वर्गानेही हात वर केले नाहीत.

या तिन्ही गोष्टी बदलता येण्यासारख्या होत्या. आजचा प्रश्न काय, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून तास संपेपर्यंत पुसायचं नाही. आधी लिहायचं, मग वळून बोलायचं. पुढच्या शेऱ्यांत ॲक्सेंट नाहीसा झाला नाही, पण पानोपानीही उरला नाही.

दरम्यान त्यांच्या विभागप्रमुखांचा मला फोन आला. "तुम्ही त्यांचा वर्ग पाहिलाय. कसे वाटले?" स्वर प्रेमळ होता, हेतूही वाईट नसावा. मी म्हटलं, "ते फक्त तेच सांगू शकतात." पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्या दिवशी मी चांगलं सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी माझं गप्प बसणं म्हणजे वाईट असा अर्थ निघाला असता. मग आपल्या वर्गात काय बिघडलंय ते दाखवायला माझ्याकडे कोण आलं असतं?

तो अहवाल पुढे त्या प्राध्यापकांनी स्वतःच फाइलला लावला, प्रत्येक मुद्द्यापुढे आपण काय बदललं ते लिहून. नूतनीकरण झालं.

आपल्याकडची नव्याने शिकवायला लागलेली मंडळी आमच्या दारात सर्वांत उशिरा येतात. मदत मागितली तर कमीपणा नोंदला जाईल, ही भीती असते. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांना सांगा: पाचव्या आठवड्यातच केंद्राला ईमेल करा. आणि पहिला प्रश्न हाच विचारा, "तुमचा अहवाल कुणाकडे जातो?" उत्तर "फक्त तुमच्याकडे" असं आलं, तर खुशाल बोलवा त्यांना वर्गात.