लिस्बनला उतरावे कोठे?

परगावी निघालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो "उतरणार कोठे?" हा. काय पाहणार, काय आणणार, हे प्रश्न मागाहून येतात. या क्रमात मोठे व्यवहारज्ञान आहे. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे असे. पंढरीला बडव्यांच्या वाड्यात, काशीला क्षेत्रोपाध्यायांकडे, आणि इतरत्र मावशीकडे नाहीतर आतेभावाकडे उतरावयाचे, हे ठरलेलेच होते. युरोपातील शहरी ना उपाध्याय ना आतेभाऊ. चार दिवसांसाठी का होईना, जागा आपली आपणच निवडावी लागते, आणि तीही हजारो मैलांवरून. व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा जोडावा लागत असल्याने ही निवड पुष्कळदा घाईत उरकली जाते. भाडे किती आणि छायाचित्रात खिडकीतून काय दिसते, एवढेच पाहिले जाते. वस्तुतः सकाळी दार उघडल्यावर आणि रात्री परतताना जो मोहल्ला आपल्या दृष्टीस पडतो, त्याच्याच रूपाने ते शहर आपल्या स्मरणात राहते.

लिस्बनचेच उदाहरण घेऊ. पोर्तुगालची ही राजधानी आपल्या गोमंतकीय वाचकांना तरी नावाने परकी नाही. १९६१ पर्यंत गोव्यावरील सत्तेची सूत्रे याच शहरातून हलत. इतर मराठी माणसांच्याही घरात पोर्तुगीज भाषा नकळत येऊन बसलेली आहे. मुक्कामाच्या जागी पोचल्यावर जी हाती पडते ती चावी, न्हाणीघरातली बादली आणि सकाळच्या न्याहारीचा पाव, हे तिन्ही शब्द आपण तिच्याकडूनच घेतले आहेत.

तेजू नदी जेथे समुद्राला मिळते, त्याच्या अलीकडे उत्तर तीरावर हे शहर टेकड्यांवर चढत गेले आहे. सात टेकड्यांचे शहर असा त्याचा लौकिक. यातील वस्त्यांचे स्वभाव समजून घ्यावयाचे तर एक तारीख ध्यानात ठेवली पाहिजे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, येथे प्रचंड भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राची लाट नदीतून आत शिरली आणि पुढे कित्येक दिवस आग धुमसत राहिली. नदीकाठचा सखल भाग जवळजवळ नाहीसा झाला. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याने तो नव्याने बांधवून घेतला. रस्ते सरळ आखले, चौक काटकोनात ठेवले, आणि घर डोलले तरी कोसळू नये म्हणून भिंतींच्या आत लाकडी पट्ट्यांचा पिंजरा बसविला. बायशा म्हणतात तो हाच भाग.

सोयीच्या दृष्टीने बायशाला तोड नाही. जमीन सपाट, भुयारी रेल्वे हाताशी, सिंत्राच्या राजवाड्यांकडे जाणारी आगगाडी जवळच्या रोसियू स्थानकातून सुटते, आणि बेलेमला नेणारी पंधरा क्रमांकाची ट्रामही येथूनच मिळते. गुडघे कुरकुरणाऱ्या वडीलधाऱ्यांना बरोबर नेणाऱ्याने या भागाचा विचार अवश्य करावा. मात्र येथील दुकाने आणि उपाहारगृहे बव्हंशी प्रवाशांसाठीच मांडलेली आहेत. येथे उतरणारा गृहस्थ लिस्बन सुखाने पाहतो, पण लिस्बनच्या रहिवाशांशी त्याची गाठ क्वचितच पडते.

बायशाच्या पश्चिमेस चढण लागते. प्रथम शियादू आणि त्याच्या वर बायरू आल्तू. शियादूत १७३२ साली स्थापन झालेले बेर्त्रांद हे पुस्तकांचे दुकान आजही चालू आहे. ग्रंथप्रेमी माणसाने तेवढ्यासाठी तरी हा चढ चढावा. २५ ऑगस्ट १९८८ च्या आगीत या पेठेचा मोठा भाग भस्मसात झाला होता. आल्वारू सिझा या वास्तुविशारदाने जुन्या दर्शनी भिंतींचा मान राखून तो पुन्हा उभा केला. भाग देखणा आणि अर्थातच महाग. बायरू आल्तूची तऱ्हा निराळी. दिवसा ही गल्ल्यांची वस्ती पेंगत असते आणि रात्री जागी होते. हाती पेला घेतलेली तरुण मंडळी उत्तररात्रीपर्यंत रस्त्यात उभी असतात. दहाला दूध घेऊन निजणाऱ्या कुटुंबाने येथे खोली घेऊ नये. दोष गल्लीचा नव्हे, निवडीचा ठरेल.

उंचावरची जागा घेताना आणखी एक सावधगिरी हवी. चढ टाळण्यासाठी या शहरात दोरीने ओढल्या जाणाऱ्या जुन्या गाड्या आहेत. त्यांपैकी १८८५ साली सुरू झालेल्या ग्लोरिया मार्गावर ३ सप्टेंबर २०२५ रोजी गाडी घसरून १६ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून अशा गाडीच्या भरवशावर बिऱ्हाड ठरवू नये. आपल्या पायांना तो चढ रोज दोनदा झेपेल काय, एवढाच हिशेब करावा. पदपथांवर चुनखडीचे गुळगुळीत चिरे बसविलेले आहेत. पाऊस पडला की त्यांवरून पाय सटकतो. जुन्या इमारतींत उद्वाहक असेलच असे नाही. तेव्हा मजला कितवा आणि जिना कसा, हे आधी विचारून घ्यावे.

आता अल्फामा. बायशाच्या पूर्वेस, साऊं जॉर्ज किल्ल्याच्या उतारावर वसलेली ही वस्ती भूकंपातून बरीचशी बचावली. तिचे नाव अरबी आहे, कारण ११४७ पर्यंत हे शहर मुसलमानी अमलाखाली होते. येथे गल्ली म्हणजे बहुधा जिनाच. खिडक्यांबाहेर धुणे वाळत असते, भिंतींना रंगीत फरशा जडविलेल्या असतात, आणि रात्री कोठून तरी फादूचे करुण सूर कानी येतात. पणजीचे फोंतेन्हास ज्यांनी पाहिले आहे त्यांना ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटेल. छायाचित्रे पाहून प्रवाशाचे मन बसते ते येथेच.

परंतु येथेच क्षणभर थांबून विचार करावयास हवा. लिस्बनमधील पुष्कळ जुनी भाडी वर्षानुवर्षे गोठलेली होती. २०१२ च्या कायद्याने ती बंधने सैल केली, आणि २०१४ च्या कायद्याने घरे प्रवाशांना चार-आठ दिवसांसाठी भाड्याने देण्याची वाट सुकर केली. महिन्याच्या भाड्यापेक्षा रात्रीचे भाडे अधिक किफायतशीर ठरले, आणि अल्फामातील कित्येक वृद्धांना जन्मभराची घरे सोडावी लागली. २०१८ साली नगरपालिकेने अल्फामा, मोरारिया आणि बायरू आल्तू या भागांत अशा नव्या नोंदणीला स्थगिती दिली. त्यानंतरही नियम वेळोवेळी बदलत राहिले. १९८१ मध्ये आठ लाखांवर असलेली शहराची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे साडेपाच लाखांवर आली. या घटीचे सारे खापर प्रवाशांच्या माथी फोडणे न्यायाचे नाही, कारण लोक उपनगरांकडे त्याच्या फार आधीपासून जाऊ लागले होते. पण ज्या खिडकीतल्या धुण्याचे चित्र पाहून आपण जागा घेतो, ते धुणे वाळत घालणारी बाईच आपल्या येण्याने दूर जात असेल, तर आपण नेमके काय पाहावयास निघालो?

हा प्रश्न आपल्या मंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही. ग्वाल्हेरच्या लष्करातले, इंदूरचे नाहीतर वडोदऱ्याचे जुने वाडे ज्यांच्या डोळ्यांदेखत रिकामे झाले, त्यांना ठाऊक आहे की दगडविटा जागच्या जागी राहिल्या तरी माणसे गेल्यावर आळी उरत नाही. म्हणून माझे मत असे की अल्फामा पायी, सावकाश, पुन:पुन्हा पाहावी. मुक्काम मात्र दुसरीकडे करावा. अल्फामातच राहावयाचे असेल तर एखाद्या हॉटेलात किंवा रीतसर नोंदलेल्या जागी राहावे. नोंदलेल्या घराच्या दारावर 'ए एल' ही अक्षरे असलेली पाटी असते. आणि रात्रीच्या वेळी त्या जिन्यांवरून चाकांची पेटी खडखडत नेऊ नये. शेजारी कोणीतरी अजून राहत आहे.

मग उतरावे कोठे? आम्ही उभयता पाच दिवस राहिलो ते अलामेदा चौकाजवळच्या एका साध्या हॉटेलात. विमानतळावरून येणारा भुयारी रेल्वेचा तांबडा मार्ग आणि शहराच्या मध्यात नेणारा हिरवा मार्ग या स्थानकात एकमेकांना मिळतात. सामान घेऊन गाडी बदलावी लागत नाही, आणि रोसियू येथून पाचवे स्थानक. एका टोकाला मोठे कारंजे, दुसऱ्या टोकाला टेकाडावर अभियांत्रिकीचे महाविद्यालय, मध्ये हिरवळ. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत या भागाला मोठे स्थान नाही. पण सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्या उभ्या कॉफी घेणारे कारकून आणि दप्तरे सावरीत शाळेला निघालेली मुले येथे पाहावयास मिळतात. मुख्याध्यापकाचा डोळा शाळेच्या फाटकाकडे जाणारच!

येथून अल्मिरांत रैश हा लांब रस्ता मार्तिम मोनीझ चौकापर्यंत उतरत जातो. त्या बाजूला भारतीय उपखंडातील लोकांची दुकाने आहेत. डाळ-तांदूळ, मसाले सारे मिळते. वाटेवरचा इन्तेंदेन्त चौक एकेकाळी बदनाम होता. २०११ साली तत्कालीन महापौर आन्तोनियू कोश्ता यांनी आपले कार्यालयच तेथे हलविले. हे कोश्ता पितृकुलाने गोमंतकीय; पुढे ते २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान होते. शाकाहारी मंडळींना एक सूचना : 'काल्दू वेर्द' या हिरव्या सूपात पुष्कळदा मांसाची चकती असते; विचारल्यावाचून घेऊ नये. लुमियार भागात मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभारलेले राधाकृष्णाचे मंदिर आहे. त्याच्या भोजनगृहात शाकाहारी जेवण मिळते.

वास्को द गामा १४९७ साली जेथून निघाला आणि आज जेथील मठात त्याची समाधी आहे, ते बेलेम शहराच्या मध्यापासून दूर पश्चिमेस आहे. तेथे दिवसाचा फेरफटका करावा, मुक्काम नको. रात्रीच्या भाड्यावर माणशी ४ युरो नगरपालिकेचा कर २०२४ च्या सप्टेंबरपासून पडतो, तोही हिशेबात धरावा.

पैसे, पाय आणि झोप या तीन गोष्टी प्रत्येक जण आपापल्या परीने तोलील. चौथी गोष्ट शेजाराची. आपण चार दिवसांचे पाहुणे. ज्यांचे ते गाव आहे त्यांच्या जागेवर आपली पथारी पडणार नाही एवढे पाहून जागा निवडावी. पाहुण्याचा धर्म काशीला जो होता तोच लिस्बनलाही आहे.