पेशंटबरोबर कोण आहे?

आमच्या पिढीने रात्री-अपरात्री डॉक्टर उठवलेले आहेत. त्यांच्या खिडकीखाली उभं राहून आधी हळू, मग जरा मोठ्याने आणि शेवटी गल्लीतली कुत्री भुंकायला लागतील इतक्या जोरात हाक मारायची. वर दिवा लागला की बोलवायला गेलेल्याचा निम्मा घोर तिथेच उतरायचा. डॉक्टर पायजम्यावर शर्ट चढवत खाली येत. त्यांची बॅग उचलण्याचा मान आमचा. घरी तोवर गरम पाण्याचा तांब्या, धुवट पंचा आणि साबणाची वडी मांडून ठेवलेली असे. डॉक्टरांनी हात धुतले की ही वडी वाळवून पुन्हा कागदात गुंडाळली जाई आणि फडताळात जाई. घरातल्या कुणी तिला हात लावायचा नाही. ती वर्षानुवर्षं पुरायची. यावरून आमच्याकडे आजारपणं किती कमी होती हे कळावं, किंवा डॉक्टरांना किती उशिरा बोलावलं जाई हे.

तपासून झालं की डॉक्टर घराकडे बघून बोलत. ‘आजची रात्र काढा, सकाळी बघू,’ नाहीतर ‘हलवायला हवं.’ आजीपासून धाकट्या भावंडापर्यंत सगळ्यांना दोन्हींचा अर्थ कळायचा. मग चहा. डॉक्टर नको म्हणत, तरी घेत, आणि तो कप रिकामा होईपर्यंत घराला धीर यायचा. फी न मोजता खिशात जायची.

आता हाक मारायला खिडकी राहिलेली नाही. डॉक्टर बाराव्या मजल्यावर राहतात, दवाखान्याचं शटर नऊला पडतं आणि त्यानंतर त्यांचा फोन बंद असतो. असू दे, त्यांनाही झोप आहे. आता 108 लावायचा. राज्यात ही सेवा 2014 मध्ये सुरू झाली ती 937 रुग्णवाहिकांनिशी, आणि गाडीत डॉक्टर असतो, प्राणवायू असतो. छातीत दुखतंय म्हटलं की रुग्णालयात दहा मिनिटांत ईसीजी निघावा असा दंडक आहे. बंद पडलेली रक्तवाहिनी तासा-दीड तासात उघडली तर वाचलेलं हृदय आणखी वीस वर्षंही चालू शकतं. आमच्या शेजारचे एक गृहस्थ सोमवारी पहाटे असे गेले आणि शुक्रवारी परत येऊन ‘तिथल्या उपम्याला चव नव्हती’ ही तक्रार सांगत बसले.

तेव्हा छातीत दुखलं तर गॅस. आधी ओवा, मग सोडा, मग पाठीला तेल. तिन्ही हरले की डॉक्टर. आणि डॉक्टर तरी काय करणार? कोरामिनचं इंजेक्शन देत. त्या इंजेक्शनचा केवढा दबदबा! ते दिलं म्हणजे माणसाच्या हातात होतं ते सगळं झालं. त्याने हृदयविकार बरा होत नाही, हे वैद्यकाने पुढे मान्य करून ते औषध बाजूला सारलं. आम्ही मात्र ‘झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही, भाग्यवान’ असं म्हणत त्या माणसाला पोचवून आलो. ते भाग्यवान अनेकदा पन्नाशीचे असत. आज त्यांना स्टेंट बसला असता. म्हणूनच आमच्या या हळहळीवर फार विश्वास ठेवू नये. जुन्या डॉक्टरांची आठवण काढणारे आम्ही सगळे वाचलेले आहोत; जे वाचले नाहीत त्यांना कुणी लेख मागत नाही.

आणखी एक. ते डॉक्टर आमच्या गल्लीत येत. ओढ्यापलीकडच्या वस्तीत मध्यरात्री कुणी त्यांची बॅग उचलून नेल्याचं आम्हाला आठवत नाही. त्या वस्तीतली माणसं थेट सिव्हिलला जात, हातगाडीवर नाहीतर पाठंगुळीला.

सिव्हिलची कॅज्युअल्टी ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगून कळणार नाही. पुण्यात ससून, मुंबईत केईएम किंवा जेजे, आणि जिल्ह्याच्या गावी नुसतं ‘सिव्हिल’. पिवळा दिवा, फिनेलचा वास, भिंतीला लागून बाकडं, आणि खिडकीत केसपेपर लिहिणारा कारकून, जो जागा असला तर तुमचं नशीब. ‘आधी केसपेपर काढून आणा’ हे वाक्य रक्तबंबाळ माणसालाही ऐकावं लागे. स्ट्रेचर हवं असेल तर वॉर्डबॉयच्या हातावर काहीतरी टेकवायचं. आतून चिठ्ठी यायची: सलाईन, सुई, कापूस बाहेरून आणा. मग अपरात्री औषधांच्या दुकानाच्या फळ्या ठोठावत फिरायचं. समोर डॉक्टर म्हणून जो भेटायचा तो त्या रात्री पाळी लागलेला कुणीही, बहुधा दोन दिवस न झोपलेला पोरगा. आपल्याकडे तातडीची वैद्यकी हा पदव्युत्तर शिक्षणाचा स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाला 2009 मध्ये. तोवर मरणाच्या दारातला माणूस ज्याच्या हाती पडायचा, त्याला नेमकं तेच कुणी वेगळं शिकवलेलं नसायचं.

आणि अपघात असेल तर विचारूच नका. ‘पोलीस केस आहे, सरकारीत न्या’ असं म्हणून खाजगी दवाखान्याचं दार लोटलं जाई. रस्त्यावर पडलेल्याला उचलायला माणसं भीत, कारण उचलणाऱ्यालाच कोर्टाच्या फेऱ्या. स्कूटरवरून पडलेल्या एका माणसाला रुग्णालयाने नाकारलं, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडलं आणि तो वाटेतच गेला. या बातमीवरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला 1989 मध्ये सांगावं लागलं की सरकारी असो वा खाजगी, डॉक्टरचं पहिलं काम जीव वाचवणं, पंचनामा नंतर. हे सांगावं लागलं, यातच काय ते आलं. पुढे बंगालमधला एक शेतमजूर 1992 मध्ये रेल्वेतून पडला; डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवलं. 1996 मध्ये न्यायालयाने त्याला 25,000 रुपये भरपाई देवविली. आमचा सोन्याचा काळ तो हाच.

तरीही त्या बाकड्याची आठवण येते. का येते हे सांगायचा प्रयत्न करतो.

आतून कुणीतरी ओरडायचं, ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ आणि बाकड्यावरून पाच-सात जण उठायचे. रोग्याला खुर्चीत बसवून वाड्याच्या जिन्यावरून उतरवणारे चौघे, टॅक्सी आणायला धावलेला, रक्त द्यायला आलेली गणेश मंडळाची पोरं, आणि एक मावशी, जिचं त्या घराशी नेमकं काय नातं ते शेवटपर्यंत कळायचं नाही. थर्मास यायचा. पहाटे कुणाच्या तरी घरून पिठलं-भाताचा डबा यायचा, आणि तो शेजारच्या बाकड्यावरच्या अनोळखी माणसांपुढेही धरला जायचा. त्यांचा मुलगा विहिरीत पडलेला असायचा, आपले काका फिट येऊन; सकाळपर्यंत दोघांची माहिती दोघांना पाठ. तो चिडका पोरगेला डॉक्टर बाहेर यायचा, खेकसायचा, पण सांगायचा. ‘वाचतील असं वाटत नाही, घरच्यांना बोलावून घ्या.’ असं थेट, दारात उभं राहून. क्रूर होतं. पण त्यामुळे गावाहून भाऊ वेळेवर पोचायचा.

आताच्या मोठ्या खाजगी रुग्णालयात गेलं की पहिला भेटतो सुरक्षारक्षक. तो सभ्य असतो, जुन्या वॉर्डबॉयपेक्षा कितीतरी सभ्य. ‘एकच नातेवाईक आत.’ त्या एकाच्या हातात पहिल्या पाच मिनिटांत अर्ज, संमतिपत्र, विमा कार्डाची झेरॉक्स आणि औषधांची यादी येते. मग तो तळमजल्यावर फार्मसीत, पहिल्यावर बिलिंगला, पुन्हा खाली टीपीएच्या टेबलाशी. आत पेशंटच्या मनगटावर पट्टा असतो, छातीला तारा असतात, वर पडद्यावर हिरवी रेघ धावते आणि शेजारी आपलं माणूस नसतं. पूर्वी विचारणाऱ्याला सात उत्तरं मिळायची. आता त्या एकालाच हाक ऐकू येत नाही, कारण तो रांगेत असतो.

आमच्यातल्या एका मैत्रिणीला चक्कर आली म्हणून असंच नेलं होतं. पाच जणांनी तिला तोच प्रश्न विचारला, कधीपासून होतंय. पाचव्याला ती म्हणाली, पहिल्याने विचारलं तेव्हापासून. उत्तर कुणी लिहून घेतलं नाही. रात्रभर तिच्या नवऱ्याला एकच शब्द मिळत राहिला: ‘स्टेबल.’ पण झालंय काय? ‘सर राउंडला आले की सांगतील.’ सर दुसऱ्या दिवशी अकराला आले, दोन मिनिटं थांबले, रिपोर्ट चांगले आहेत म्हणाले. रिपोर्ट खरोखरच चांगले होते. मेंदूचं सीटी, रक्ताच्या तपासण्या, सगळं काही तासांत झालं होतं. ज्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे ते इथे लिफ्टने जाऊन झालं होतं. तक्रार कशाची करावी हेच त्या नवऱ्याला कळेना, आणि तरी तो आठवडाभर चिडलेला होता.

पैशाचं म्हणाल तर तेव्हा चोरून मागत, आता पावती देतात. हीही सुधारणाच. धर्मादाय रुग्णालयांनी तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागू नये, आधी दाखल करून घ्यावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मान्य केलेल्या योजनेत लिहिलेलं आहे. तरी 2025 मध्ये पुण्यातल्या अशाच एका रुग्णालयाने एका गरोदर बाईसाठी दहा लाख मागितल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला. जुळ्या मुलींना जन्म देऊन ती गेली. शहर पेटल्यावर त्या रुग्णालयाने जाहीर केलं की यापुढे तातडीच्या रुग्णांकडून अनामत घेणार नाही. एकोणीस वर्षं जुना नियम नवा निर्णय म्हणून छापून आला.

मात्र एकाच नातेवाइकाचा नियम उगाच आलेला नाही, हेही सांगायला हवं. बाकड्यावरून उठणारे ते सात जण पुढे सत्तर झाले आणि त्यांच्या हातात थर्मास राहिला नाही. डॉक्टरांना मारहाण करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राला 2010 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. 2017 मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावाने मारलं आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर काम थांबवून बसले. आमच्या आठवणीतली ती प्रेमळ गर्दी आणि ही गर्दी वेगळी, असं आम्ही म्हणतो. कदाचित तेव्हाही कुणाच्या कानाखाली बसली असेल आणि ती बातमी झाली नसेल.

शिवाय आम्ही ज्याला ‘तेव्हा’ म्हणतो ते सगळ्यांसाठी संपलेलं नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे, मोखाडा-जव्हारकडे आजही पावसाळ्यात बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून चिखलातून आणावं लागतं, कारण 108 जिथे थांबते तिथे रस्ताही थांबतो. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला चोवीस तासांत चोवीस माणसं गेली, त्यांत बारा नवजात बाळं. तिथल्या बाकड्यावर बसलेल्यांना कुणी जुन्या दिवसांची गोडी विचारू नये.

आमची मुलं बाहेरदेशी आहेत, त्यांचंही ऐकतो. इंग्लंडमध्ये चार तासांत रुग्णाचा निकाल लागावा असं सरकारचं उद्दिष्ट आहे आणि 2015 पासून ते गाठलं जात नाही. भाचीने पोराचं मनगट मोडलं म्हणून तिथे अख्खी रात्र काढली. ‘पण मावशी, पैसे कुणी मागितले नाहीत,’ ती म्हणाली. ‘आणि डबा कुणी आणला?’ आम्ही विचारलं. डबा यंत्रातून निघाला होता, नाणं टाकून.

आता आमच्या सोसायटीत ज्येष्ठांनी मिळून थोडी तयारी करून ठेवली आहे. प्रत्येकाच्या दाराशी प्लास्टिकची फाइल: जुने ईसीजी, चालू गोळ्यांची यादी, आधार, विम्याचं कार्ड. विमा कंपनीने कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात निर्णय द्यावा असा नियम 2024 मध्ये आला, त्याचं कात्रणही कुणीतरी घातलं आहे, भांडायला लागलं तर असावं म्हणून. रात्री फोन केला तर सोबत येणाऱ्यांची यादी लिफ्टजवळ लावली आहे. त्यात सगळे सत्तरीच्या आसपासचेच. आत एकालाच सोडतात, म्हणून कुणाला पाठवायचं यावर मीटिंगमध्ये बराच वेळ गेला. ज्याचे गुडघे बिलिंगपर्यंत धावू शकतात त्याला डॉक्टरांचं ऐकू येत नाही. ज्याला ऐकू येतं त्याच्या कार्डाला पन्नास हजारांची मर्यादा आहे. आणि ज्याच्याकडे मोठं कार्ड आहे, त्याला रक्त बघून चक्कर येते. सध्या तिघांनाही बोलवायचं ठरलंय. सुरक्षारक्षकाशी कुळकर्णीबाई बोलतील.