चाकांवरच्या घराची शाकारणी

घराच्या सर्व अवयवांत छपराइतका उपेक्षित अवयव दुसरा नसेल. दार आल्यागेल्याच्या नजरेस पडते म्हणून त्यास रंग मिळतो. भिंतीवर तसबिरी लागतात. ओटीवर झोपाळा टांगला जातो. छपराचे तसे नाही. ते आपले काम बिनबोभाट करीत असते तोवर त्याची आठवण कोणास होत नाही. आणि ज्या दिवशी ती होते, त्या दिवशी घरातील मंडळी पातेली व घमेली घेऊन धावत असतात. या विषयावर लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर एवढेच की, एक छपर आम्ही दुरुस्त केले आहे आणि एक घालविले आहे. पहिले अमेरिकेतले, दुसरे कोकणातले.

आमची कन्या व जावई अमेरिकेतील इंडियाना राज्यात राहतात. त्या राज्यातील एल्कहार्ट हे गाव चाकांवरच्या घरांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. या घरांस तिकडे ‘आर्. व्ही.’ या दोन अक्षरांनी ओळखतात. काही स्वतःच्या यंत्राने चालतात, काही दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढावी लागतात. जावयांनी या दुसऱ्या जातीचे, पंधरा वर्षे वापरलेले एक घर विकत घेतले होते. आत निजावयास खाटा, शेगडी, मोरी, जेवणाचे मेज, सारे काही होते. विद्यार्थिदशेत पुण्यास आम्ही ज्या खोलीत राहत होतो, तीपेक्षा ते घर खचित ऐसपैस होते. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिकडे गेलो, तेव्हा त्याच्या छपरावर नवा लेप चढवून सर्वांनी सुपीरियर सरोवराच्या काठी जावयाचे, असा बेत ठरलेला होता. तेथील मुक्कामाची जागाही राखून ठेविली होती.

जावई शिडी लावून वर चढले. आम्हीही निघालो. “अहो, सत्तावन्नावे वर्ष चालू आहे म्हटले!” असा आवाज खालून आला, पण प्राध्यापकास मास्तरकीखेरीज काही येत नाही हा प्रवाद खोडून काढण्याची संधी वारंवार येत नाही, म्हणून आम्ही तो ऐकला नाही.

वर गेल्यावर कळले की, हे छपर म्हणजे लाकडी फासळ्यांवर ठोकलेले पातळ प्लायवूड आणि त्यावर चिकटविलेली, जेमतेम एक मिलिमीटर जाडीची पांढरी रबरी चादर. या रबरास ई. पी. डी. एम्. म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्याच्या पृष्ठभागाची भुकटी होते. हात फिरविला की तळव्यास खडूसारखी पूड लागते, आणि पावसात तीच पूड भिंतींवरून पांढऱ्या ओघळांनी खाली उतरते. जन्मभर खडू हाताळलेल्या माणसास त्यात नवल वाटले नाही. पण खरी भीती या झिजेची नव्हे, भोकांची. हवेचे झरोके, मोरीवरची प्रकाशखिडकी, थंड हवेचे यंत्र, सांडपाण्याच्या नळाची वर आलेली तोंडे, अँटेना, अशा कितीतरी कारणांनी त्या छपरास छेद दिलेले असतात, आणि प्रत्येक छेदाभोवती सीलंटचा थर असतो. घर रस्त्याने हिसके खात धावते, उन्हाने फुगते, थंडीने आकसते. त्या ओढाताणीत सीलंटला केसाएवढ्या भेगा पडतात. म्हणून वर्षातून निदान दोन-तीन वेळा वर चढून प्रत्येक सांधा डोळ्यांखालून घालावा, असे जाणते लोक सांगतात. आधीच्या मालकाने ते केले नव्हते, हे उघड दिसत होते.

या कामाची रीतही आम्ही शिकलो. प्रथम साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशाने छपर धुवावयाचे. पेट्रोल, टर्पेंटाइन यांसारखे द्रव लावावयाचे नाहीत, कारण त्यांनी हे रबर फुगते व बिघडते. सुटलेले सीलंट लोखंडी नव्हे, तर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावयाचे, म्हणजे चादर फाटत नाही. मग सांध्यांवर नवे सीलंट, आणि ते सुकल्यावर रोलरने लेपाचे दोन हात. लेपाची निवडही विचाराने करावी लागते. सिलिकोनचा लेप एकदा दिला की पुढे त्यावर सिलिकोनखेरीज दुसरे काही नीट चिकटत नाही. ॲक्रिलिकचा लेप पाण्यात कालविलेला असतो. तो पुरता वाळण्यापूर्वी पाऊस आला, तर सारी मेहनत अंगणात वाहून जाते. आणि काम शिडीकडे पाठ करून नव्हे, तर दूरच्या टोकाकडून शिडीकडे सरकत करावयाचे. नाही तर मनुष्य छपरावरच अडकून पडतो.

गुडघ्यांवर रांगत ते छपर धुताना आम्हांस श्रीवर्धनजवळच्या आमच्या गावची शाकारणी आठवली. वैशाख लागला की गडी वर चढत. नळ्याचे एकेक कौल उचलून खालचा पालापाचोळा व उंदरांनी केलेली घरे झाडावयाची, फुटके कौल काढून नवे घालावयाचे, आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत ओळीमागून ओळ पुन्हा रचावयाची. आम्ही मुले हातोहात कौले पोचवीत असू. वडील डोक्यास पंचा गुंडाळून उभे असत आणि कौले उतरली की कोयत्याच्या पाठीने प्रत्येक वासा ठोकून कान देत. “पाण्याला आत यायला सुईएवढी वाट पुरते,” ते म्हणत, “आणि आपल्याला ते कळायला चार पावसाळे लागतात.”

मागच्या उजव्या कोपऱ्यात आमचा तळवा टेकला, आणि तो किंचित खाली गेला. आम्ही बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. इतरत्र टणत्कार होता. येथे आवाज बद्द आला.

जावयांनीही हात दाबून पाहिला. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “बाबा, वरून दोन हात चांगले जाड देऊ, म्हणजे नवे पाणी जायचे नाही. आत उघडून बसलो तर आठवडा जाईल. मुलाला सरोवर दाखवायचे कबूल केले आहे.”

पाहुण्याने यजमानाच्या छपराविषयी मत देऊ नये, हा शिष्टाचार आम्हांस ठाऊक आहे. पण त्यांचे वाक्य आमच्या ओळखीचे होते. २०११ साली गावच्या माजघरात आढ्याखाली एक ओल दिसली. वडील त्यापूर्वी तीन वर्षे वारले होते. आम्ही गणपतीपुरते तीन दिवस गेलो होतो. गडी मिळत नव्हते, मिळाले तर मजुरी फार वाटत होती. आम्ही कौलांवर निळी ताडपत्री पसरली, दोरीने आवळली आणि माजघरास खालून फळ्यांचे तक्तपोस मारून घेतले. ठिबकणे थांबले, आणि ओल दिसेनाशी झाली. पुढल्या वर्षी नीट शाकारू, असे आम्ही दरवर्षी म्हणत गेलो. ताडपत्रीखाली दमट राहिलेल्या आढ्याकडे वाळवीने मात्र पुढल्या वर्षाची वाट पाहिली नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. शेजाऱ्यांची कौले उडाली, पण वासे राहिले. त्यांनी पुन्हा कौले चढविली. आमचे आढे मधोमध मोडले आणि सारे छपर माजघरात येऊन बसले. टाळेबंदीत पुण्यास अडकलेल्या आम्ही ही वार्ता दूरध्वनीवर ऐकली. वादळाने घर नेले, असे आम्ही सर्वांस सांगितले. लोक हळहळले. आम्ही ती हळहळ घेतली.

हे सारे त्या छपरावर बसून आम्ही जावयांस सांगितले. “तुमचा लेप म्हणजे आमची ताडपत्री,” आम्ही म्हणालो. “आतले पाणी आतच राहील. वरून पांढरेशुभ्र दिसेल, हाच त्यातला धोका.” शिडी धरून खाली आमची कन्या उभी होती, हे आमच्या ध्यानात नव्हते. ती म्हणाली, “बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितले नाहीत.” आम्हांस उत्तर सुचले नाही.

जावयांनी चाकू आणून रबर चिरले. खालचे प्लायवूड काळे पडले होते आणि भिजलेल्या वर्तमानपत्राप्रमाणे त्याचे पापुद्रे सुटत होते. एका फासळीत चाकूचे पाते सहज शिरले. पाणी आले होते कडेच्या पट्टीखालच्या एका भेगेतून. सडलेला भाग कापून काढला, दिवसा उन्हात उघडा ठेवून पुरता वाळू दिला, जुन्या फासळीस नवी जोडली, नवे प्लायवूड बसविले, वर रबराचे ठिगळ चिकटविले, त्याच्या कडांवर पट्टी दिली आणि मगच लेपाचा डबा उघडला. सरोवराकाठच्या मुक्कामाचे दिवस तोपर्यंत निघून गेले. नातवाने आमच्याशी दोन दिवस अबोला धरला. त्याचे बरोबर होते.

लेप वाळून आठवडा झाला असेल, तोच एका रात्री मोठा पाऊस आला. आम्ही सारे छत्र्या घेऊन त्या घरात जाऊन बसलो. कन्येने विजेरी लावून कोपऱ्यातील छतावर हात फिरविला. हात कोरडा आला. जरा वेळाने तिने विचारले, “बाबा, गावच्या घराचे जोते तरी आहे ना अजून?” जोते आहे, असे आम्ही म्हणालो. पुढे ती काही बोलली नाही, आणि आम्हीही बोललो नाही.

ज्या वाचकांचे गावी घर आहे, त्यांस आमची विनंती एवढीच की, गणपतीला जातच असाल, तरी एकदा वैशाखातही जावे. गणपतीत घर सजलेले असते. ते आपले दुखणे सांगत नाही. वैशाखात कौले उतरवावी, वासा ठोकावा आणि कान देऊन ऐकावा. वर चढवत नसेल, तर निदान शिडी धरण्यास जावे.