बाळ फिरतंय ना?

प्रिय शालू,

लेकीला आठवा लागला, हे वाचून केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य काही मनातून जाईना: 'दिवस भरत आले की बाळाला जागा पुरत नाही, मग ते शांतच होतं.' शालू, हे तेवढं डोक्यातून काढून टाक गं. जागा कमी पडते, कोलांट्या जाऊन ढुशा आणि वळवळ सुरू होते, हे खरं. पण हालचाल कमी होता कामा नये. प्राणवायू अपुरा पडू लागला की बाळ हालचाल आटोपती घेतं, रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. म्हणून तर वॉर्डात इतकी वर्षं आमचा पहिला प्रश्न असायचा, 'बाळ फिरतंय ना?'

तिला सांग, जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं. २ तासांत १० हालचाली जाणवल्या की झालं. बहुतेक बाळं त्याच्या कितीतरी आधी १० पुऱ्या करतात. ही मोजणी ढोबळच. तिच्या बाळाची रोजची लय मोडली, तर आकडा काही का असेना, तडक दवाखाना गाठायचा. रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही.

तिथे एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख, करतील. पोटाला दोन पट्टे बांधतात, दुखतखुपत काही नाही. ३२ आठवड्यांनंतर बाळाचे ठोके मिनिटाला १५ ने वाढून १५ सेकंद टिकले, आणि असं २० मिनिटांत दोनदा दिसलं, की चांगलं. नाही दिसलं तर लगेच धसका घ्यायचा नाही. बाळ झोपलेलंही असतं, म्हणून आलेख आणखी थोडा वेळ चालू ठेवतात. तरी शंका उरली तर सोनोग्राफी: पाणी किती, हातपाय हलतात का, छाती श्वासासारखी हलते का. मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडलेली ही १० गुणांची परीक्षा आजही चालते. बाळाची वाढ कमी वाटली, तर नाळेतल्या रक्तप्रवाहाचं डॉपलरही करतात.

घरी ठोके ऐकायचं यंत्र मात्र तिला घेऊ देऊ नकोस. संकटातल्या बाळाचेही ठोके ऐकू येतात, शिवाय नवख्या कानाला आईचीच नाडी बाळाची वाटते. ते ऐकून निर्धास्तपणे घरी थांबणं, याचीच मला धास्ती.

तपासणीत सगळं ठीक निघालं आणि दोन दिवसांनी हालचाल पुन्हा मंदावली, तर पुन्हा जायचं. 'परवाच येऊन गेले' म्हणून संकोच नको. पत्र बाजूला ठेव आणि आधी तिला फोन कर. डिंकाच्या लाडवांची कृती पुढच्या पत्रात.

तुझी,
कुमुद