मिशनच्या ओट्यावर

परमुलखात येऊन राहिलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्याची दोन चित्रे आपल्या मनात घट्ट बसली आहेत. एका चित्रात तो अज्ञानी लोकांना तारायला आलेला उपकारकर्ता असतो, दुसऱ्यात भोळ्याभाबड्यांना बाटवणारा कावेबाज परका. भांडणाऱ्या दोन्ही बाजू एक गोष्ट मात्र सारखीच धरून चालतात, की जे काही केले ते मिशनऱ्याने केले आणि इथल्या माणसांनी ते निमूटपणे करून घेतले. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अमेरिकन मराठी मिशनचे रोजचे जगणे नीट पाहिले की ही समजूत टिकत नाही. मिशनऱ्याने काय द्यावे हे त्याला पाठवणाऱ्या बोस्टनच्या बोर्डात ठरे. त्यातले काय उचलायचे, कशासाठी वापरायचे आणि काय तिथेच ठेवून निघून जायचे, हे मिशनच्या ओट्यावर आलेल्या मराठी माणसांनी आपल्या गरजेप्रमाणे ठरवले.

हे ध्यानात यायला त्या जगण्याची हवा आधी समजून घ्यावी लागते. या मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत धाडण्याचे हुकूम निघाले होते. नॉट प्रकृतीमुळे लवकरच मायदेशी परतले. हॉल राहिले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले. १८३१ च्या डिसेंबरात ग्रेव्हज, हर्वे आणि रीड यांनी नगरला ठाणे मांडले आणि पुढच्याच वर्षी हर्वेही पटकीने गेले. गाव तरी कसे? निजामशाहीच्या मशिदी आणि मकबरे, किल्ला, इंग्रजांची छावणी, आणि भोवताली पावसाकडे डोळे लावून बसलेली कोरडवाहू गावे. शिडाच्या जहाजाच्या काळात घरचे पत्र यायला चार-पाच महिने, उत्तर पोचायला तितकेच. मुले जरा मोठी झाली की शिक्षणासाठी त्यांना सातासमुद्रापार पाठवायचे आणि पुन्हा भेट होईल की नाही हे कुणी सांगू शकत नसे. सकाळी पंडितासमोर बसून मराठी घोकायची, मग शाळा, ऊन उतरल्यावर बाजारात उभे राहून उपदेश. थंडी पडली की बैलगाडीत राहुटी टाकून गावोगाव फिरायचे. लोक जमत, ऐकत, उलट प्रश्न विचारत आणि आपल्या कामाला निघून जात. सुरुवातीच्या वर्षांत ख्रिस्ती झालेली माणसे अगदी मोजकी होती. मिशनऱ्यांच्या घरांवर वर्षानुवर्षे सावट होते ते वाट पाहण्याचे, आणि बोर्डाला दर वर्षी काय कळवायचे या विवंचनेचे.

उपदेश ऐकून माणसे निघून जात होती हे खरे, पण ती रिकाम्या हातांनी जात नव्हती. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा छापखाना बायबल आणि धर्मपुस्तिका छापण्यासाठी उभा राहिला. मराठी नवा करार १८२६ मध्ये तिथूनच बाहेर पडला. याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाछापखाना काढला आणि १८३१ मध्ये त्यावर काय छापले, तर मराठी पंचांग! मिशनमध्येच टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली टाइप ओतायला शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना उभारला आणि संस्कृत ग्रंथांच्या देखण्या, शुद्ध आवृत्त्या घरोघर पोचवल्या. ज्या विद्येने मूर्तिपूजेचे खंडन करायचे होते, तीच विद्या तिथी-नक्षत्रांच्या आणि काव्य-शास्त्रांच्या कामी लागली. मिशनऱ्यांनी हे शिकवले नव्हते आणि त्यांना ते हवेही नव्हते. मराठी माणसाने ते वेचून घेतले.

मुलींच्या शाळांची गोष्ट याहून मोठी आहे. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईला आली, १८३९ मध्ये नगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. मधली एक मायदेशवारी सोडली, तर सारे आयुष्य मुलींना लिहा-वाचायला शिकवण्यात गेले. आई-बाप शाळेत पाठवायला राजी नाहीत, पाठवलीच तर लग्न ठरताच मुलगी नाहीशी, पुन्हा नवी मुलगी, पुन्हा पाटीवर पहिले अक्षर. हे काम मिशनच्या लेखी दुय्यमच होते. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ च्या सुमारास पाहणीला आले, तेव्हा त्यांचा सगळा भर देशी भाषेतल्या उपदेशावर आणि देशी मंडळ्यांवर, म्हणजे इथल्या ख्रिस्ती समुदायांवर, होता. नगरची इंग्रजी शाळा बंद झाली ती त्याच धोरणाने. पण फॅरारबाईंची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांविषयी त्यांना आदर होता आणि तो त्यांनी लपवला नाही, पण शाळा त्यांनी आपल्या लोकांसाठी, आपल्या विचाराने काढली आणि पुढे सत्यशोधक समाजाची वाट आपली आपण आखली. फॅरारबाईंच्या चिवट, कंटाळवाण्या वाटणाऱ्या दिवसांचे चीज ज्याने केले, तो माणूस त्यांच्या धर्माच्या उंबऱ्याबाहेर राहिला. मला हे त्यांचे अपयश वाटत नाही. असे फळ फार थोड्या शिक्षकांच्या वाट्याला येते.

यावर गंभीर आक्षेप येईल तो दुष्काळाचा. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांतून माणसे मोठ्या संख्येने चर्चमध्ये आली. पोट खपाटीला गेलेल्याला कसली आली निवड? हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. भुकेने निवडीचा पैस आकसतो आणि धान्याबरोबर आलेल्या धर्माकडे शंकेने पाहणे योग्यच आहे. पण वडाळ्यासारख्या गावांभोवती महार कुटुंबे मिशनकडे वळू लागली होती ती दुष्काळाच्या आधीपासून. पाऊस परतल्यावर, पिके उभी राहिल्यावरही बहुतेक जण मागे फिरले नाहीत. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर आणि शाळेच्या पायरीवर जागा नव्हती, त्यांनी मुलाच्या हातात पाटी देणारे दार धरून ठेवले. त्यांना फसवले गेलेले समजणे म्हणजे त्यांना बुद्धी नव्हती असे म्हणणे. तो अपमान गावाने आधीच पुष्कळ केला होता. जात चर्चच्या दारातून आत गेली, हेही खरे आहे आणि त्या माणसांनी तेही सोसले.

दुसरा आक्षेप मिशनऱ्यांच्या तुच्छतेचा. १८४२ मध्ये नगरहून सुरू झालेल्या, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने हिंदू आचारविचारांवर कडाडून टीका केली. त्या टीकेत अज्ञान होते, उर्मटपणाही होता आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्या टीकेला इथे उत्तर देणारे होते. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. त्यात अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन होते. पगार सोडून, शहरातल्या गरीब वस्तीत अगदी थोडक्यात गुजराण करणारा हा माणूस १८८८ पर्यंत, मरेपर्यंत, मुंबईत राहिला. श्रोत्यांनी बोवेन यांच्या राहणीचा मान ठेवला आणि त्यांचा युक्तिवाद बहुतेकांनी मानला नाही. माणूस आणि मत वेगवेगळे तोलण्याचा हा समंजसपणा आजच्या आपल्या वादांत क्वचितच दिसतो.

आणि ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्यांनीही तो जसाच्या तसा घेतला नाही. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरात पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती १८५४ मध्ये. तिथपासून या मिशनची भाषा हळूहळू पालटत गेली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणले, चर्चमध्ये कीर्तन उभे केले आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून संन्यासी वृत्तीने राहायला गेले. हा त्या शतकभराच्या व्यवहारातला सर्वांत धीट स्वीकार होता, कारण त्यात देणाऱ्यालाही बदलावे लागले. मुंबईत जन्मलेले आणि नगरात सुमारे अर्धशतक काम केलेले रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी हा बदल मोकळ्या मनाने मान्य केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

या मिशनची पत्रे आणि अहवाल अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात नीट जपून ठेवलेले आहेत, त्यामुळे देणाऱ्यांची बाजू अभ्यासकांना सहज सापडते. घेणाऱ्यांची बाजू इथे आहे: ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांत, नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांच्या नोंदवह्यांत, दफनभूमीतल्या शिळांवर आणि वडाळ्याच्या वाटेवरच्या घराघरांतल्या आठवणींत. मराठी शिकवणारे पंडित, शाळांतल्या देशी शिक्षिका, टाइप जुळवणारे कामगार यांची नावे तिथेच मिळण्याचा संभव आहे. इतिहास शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी हार्वर्डच्या आधी नगरला जावे आणि हे कागद वाळवीच्या हाती लागण्यापूर्वी वाचून काढावेत.